सांता मोनिकाचा विमानतळ : जमीन गावाची, कागद सरकारचा

जमीन आपल्या नावावर आहे आणि तरी तिचं काय करायचं हे आपल्या हातात नाही, ही गोष्ट गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना समजावून सांगावी लागत नाही. इमारत उभी राहते, आपण राहायला येतो, मुलं मोठी होतात, आणि कन्व्हेयन्सचा विषय दरवर्षी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा असतो. त्यामुळे रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत अमेरिकेतल्या एका छोट्याशा विमानतळाचा इतिहास वाचून कुणी कपाळाला आठ्या घालू नयेत. अंतर आठ-नऊ हजार मैलांचं असलं, तरी भांडण ओळखीचं आहे.

सांता मोनिका हे कॅलिफोर्नियातलं समुद्रकाठचं शहर. लॉस एंजेलिसने त्याला तीन बाजूंनी वेढलेलं आहे, चौथ्या बाजूला पॅसिफिक महासागर. पण महापालिका म्हणाल तर स्वतंत्र, आणि लोकसंख्या नव्वद हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. एवढ्या गावाच्या मालकीचा स्वतःचा विमानतळ आहे, सुमारे २२७ एकरांचा. आपल्याकडे नगरपालिकेची मंडई असते, बाग असते, नाट्यगृह असतं, स्मशानभूमी असते, विमानतळ नसतो. विमानतळ म्हटलं की भारतीय विमानतळ प्राधिकरण, नाहीतर एखादी मोठी कंपनी. बारामती-लातूरच्या धावपट्ट्याही एमआयडीसीच्या. अमेरिकेत मात्र गावाने किंवा काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, विमानतळ बाळगणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. तिथून प्रवासी कंपन्यांची विमानं सुटतातच असं नाही. दोन-चार आसनी विमानं, शिकाऊ वैमानिक, श्रीमंतांची खासगी जेट आणि हौशी मंडळी, असा एकूण कारभार.

पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची जुनी विमानं स्वस्तात विकायला निघाली आणि वैमानिक मंडळी मोकळं रान बघून ती उतरवू लागली. सांता मोनिकातलं असंच एक शेत पुढे 'क्लोव्हर फील्ड' झालं. १९२३ साली हे नाव दिलं गेलं ते महायुद्धात मरण पावलेल्या ग्रेयर क्लोव्हर या तरुण वैमानिकाच्या स्मरणार्थ. त्याच सुमारास डोनाल्ड डग्लस नावाचा इंजिनीयर गावात विल्शायर बुलेव्हार्डवर, एका बंद पडलेल्या सिनेमा स्टुडिओच्या जागेत, विमानं बांधत होता. अमेरिकन लष्कराला विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. डग्लसने त्यासाठी विमानं बांधून दिली. १७ मार्च १९२४ रोजी ती क्लोव्हर फील्डवरून सिॲटलकडे निघाली आणि तिथून चार विमानांची अधिकृत प्रदक्षिणा सुरू झाली. एक विमान अलास्कात डोंगरावर आदळलं, एक अटलांटिकमध्ये बुडालं, उरलेल्या दोघांनी सप्टेंबरअखेर फेरा पूर्ण केला. पृथ्वीला विमानाने घातलेली ही पहिली प्रदक्षिणा.

वाटेत ही विमानं आपल्याकडेही आली होती. कलकत्त्याला त्यांचे पाण्यावर तरंगणारे पाय काढून चाकं बसवली, मग अलाहाबाद, अंबाला, मुलतान करत ती कराचीला पोचली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे सांता मोनिकाच्या शेतातून उडालेलं विमान मुंबई सरकारच्या हद्दीत १९२४ सालीच उतरलं, जुहूचा विमानतळ सुरू व्हायच्या चार वर्षं आधी.

या प्रदक्षिणेने गावाची मान ताठ झाली. १९२६ साली मतदारांनी कर्जरोखे काढायला मंजुरी दिली आणि गावाने ती जमीन विकत घेतली. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या रामायणात तो परत परत येतो : जमीन गावकऱ्यांच्या पैशांतून, गावकऱ्यांच्या मताने घेतलेली आहे. कुणी दान दिलेली नाही, सरकारने बहाल केलेली नाही.

ऑगस्ट १९२९ मध्ये फक्त स्त्री वैमानिकांची मोठी हवाई शर्यत इथूनच सुटली, थेट ओहायोतल्या क्लीव्हलँडपर्यंत. अमेलिया इअरहार्ट त्यात तिसरी आली. जिंकली लुईस थेडन. डग्लसचा कारखानाही तोवर विल्शायरवरून विमानतळाच्या कडेला आला होता. आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला बरोबर ३२ वर्षं झाली त्या दिवशी, क्लोव्हर फील्डवरून एका नव्या विमानाने पहिलं उड्डाण केलं. ते डीसी-३. आपण त्याला ओळखतो ते डाकोटा या नावाने.

आपल्या संस्थेतल्या ज्येष्ठांना डाकोटा सांगायला नको. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीहून श्रीनगरला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन गेली ती डाकोटाच. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची सेवा सुरू झाली तीही डाकोटांवर : मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी टपाल घेऊन विमानं निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी दादरला पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचायचं, याचं त्या काळी केवढं अप्रूप होतं! दहा हजारांहून जास्त बनलेल्या या विमानांपैकी बहुतेक लाँग बीच आणि ओक्लाहोमा सिटीच्या कारखान्यांत तयार झाली हे खरं. पण जन्म सांता मोनिकाचा.

कारखाना वाढला तशी माणसं आली, माणसं आली तशी घरं आली. विमानतळाच्या आजूबाजूला, विशेषतः सनसेट पार्क या भागात, तिसाव्या-चाळिसाव्या दशकात छोटी बैठी घरं उभी राहिली. त्यांतली कितीतरी डग्लसच्या कामगारांनी घेतलेली. १९४० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या जेमतेम साडेत्रेपन्न हजार होती आणि युद्धाच्या ऐन भरात एकट्या डग्लसच्या इथल्या कारखान्यात तीन पाळ्यांत सुमारे ४४ हजार माणसं काम करत होती. गिरणगावात भोंग्यावर घड्याळ लावत, तसंच काहीसं चित्र. डोक्यावरून जाणारं विमान म्हणजे त्या लोकांना कटकट नव्हती, पगार होता.

युद्धातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पर्ल हार्बरनंतर जपानी विमानं येऊन कारखाना उडवतील अशी धास्ती होती. तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओतले सेट उभारणारे कारागीर बोलावले आणि अख्खा कारखाना झाकून टाकला. उंच खांबांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ताणली. तिच्यावर लाकडी सांगाड्यांची हलकी खोटी घरं, कुंपणं, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, तारेची आणि हिरव्या रंगवलेल्या पिसांची झाडं. वरून पाहिलं तर शेजारच्या वस्तीचाच पुढचा भाग वाटावा. नक्कल इतकी बेमालूम जमली की आपल्याच वैमानिकांना धावपट्टी सापडेना, अशी तक्रार होऊ लागली. खऱ्या घरांच्या शेजारी खोटी घरं आणि त्यांच्याखाली विमानं! पुढे जे भांडण झालं, त्याचा हा जणू देखावाच आधी उभा केला होता.

आता त्या कागदाकडे येऊ.

युद्धासाठी केंद्र सरकारने १९४१ मध्ये विमानतळ गावाकडून भाड्याने घेतला. विकत नव्हे, भाड्याने. सरकारने त्यावर खर्च केला, धावपट्टी सुधारली. युद्ध संपलं. १९४८ मध्ये सरकारने भाडेपट्टा सोडला आणि जागा, तिच्यावर केलेल्या सुधारणांसकट, गावाला परत दिली. त्या वेळी जो हस्तांतरणाचा दस्त झाला त्यात अटी होत्या : जागा सार्वजनिक विमानतळ म्हणूनच वापरायची, कोणाही विमानधारकाला भेदभाव न करता वापरू द्यायची, आणि अटी मोडल्या तर जागेचा हक्क केंद्र सरकारकडे जाईल. त्या काळी देशभर अशा शेकडो दस्तांवर सह्या होत होत्या. गावात कारखाना जोरात होता, विमानतळ बंद करायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सह्या करणाऱ्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या जागी आपणही सही केली असती. पण 'कायमस्वरूपी' या शब्दाचा अर्थ सही करतानाच्या माणसाला कधीच नीट कळत नाही, तो नातवंडांना कळतो.

दहा वर्षांत चित्र पालटलं. जेट विमानांचं युग आलं. डग्लसला डीसी-८ हे मोठं जेट बांधायचं होतं, त्याला लांब धावपट्टी लागणार होती. त्यासाठी घरं पाडावी लागली असती. लोकांनी विरोध केला, गावाने नकार दिला. डीसी-८ लाँग बीचला बनलं, १९५८ च्या मे महिन्यात तिथूनच उडालं, आणि सांता मोनिकाचा कारखाना हळूहळू आटत १९७५ मध्ये बंद झाला. पगार गेला, आवाज तेवढा उरला. शिवाय साठच्या दशकात लहान खासगी जेट येऊ लागली होती. कामगारांच्या घरांत नवी माणसं आली होती, ज्यांचा विमानांशी संबंध फक्त कानांपुरता होता.

"विमानतळ आधी होता, तुम्ही नंतर आलात," असं वैमानिकांचं म्हणणं. आपल्याकडे मंदिराच्या घंटेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. पण जी घरं आधीपासून होती त्यांच्यावरून जेट जात नव्हती, हेही तितकंच खरं आहे. आधी कोण आलं याला माझ्या मते फारसं महत्त्व नाही. आवाज कोण करतंय आणि कोण सोसतंय, हे बघावं.

रहिवासी कोर्टात गेले. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विमानतळाचा मालक म्हणून गावावर उपद्रवाचा दावा लावता येतो. झालं! गावाने जेटवर बंदी घातली. मग वैमानिक कोर्टात गेले. १९७९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने रात्रीच्या उड्डाणांवरची बंदी आणि आवाजाची मर्यादा मान्य केली, जेटवरची सरसकट बंदी मात्र रद्द केली. म्हणजे आवाजाला जबाबदार गाव, आणि आवाज करणाऱ्याला पूर्ण थांबवायचा अधिकार मात्र गावाला नाही. सेक्रेटरीच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही ही अवस्था परिचयाची वाटेल.

वैतागून १९८१ मध्ये गावाच्या कौन्सिलने विमानतळ बंद करण्याचा ठराव केला. ठराव करणं सोपं असतं. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे आपल्या डीजीसीएसारखं त्यांचं खातं, आडवं आलं. १९८४ मध्ये तडजोड झाली : गाव विमानतळ २०१५ पर्यंत चालवील, मोबदल्यात आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल राहील. एकतीस वर्षं! तेव्हा तिशीत असलेल्या माणसाने साठीची वाट बघायची. गावाने ती पाहिलीही.

या काळातला विमानतळ मी पाहिला आहे. लेकीकडे गेलो असताना दोन-तीन वेळा संध्याकाळी तिकडे फिरायला गेलो. कार्यालयाच्या इमारतीवर विमानं बघायला गच्ची केलेली आहे, आणि तिथे जायला कोणी अडवत नाही याचंच मला नवल वाटलं. एकच धावपट्टी, एक नियंत्रण मनोरा, दोन्ही बाजूंना हँगर आणि उघड्यावर दोरांनी बांधून ठेवलेली छोटी विमानं, गुरं दावणीला बांधावीत तशी. जुन्या हँगरांत चित्रकारांचे स्टुडिओ. बार्कर हँगर नावाच्या मोठ्या हँगरात पुरस्कार सोहळे होतात. संग्रहालय आहे, त्याच्या बाहेर चौथऱ्यावर एक डीसी-३ चढवून ठेवलेलं आहे. २००७ मध्ये विमानतळाच्याच जागेत केलेलं मैदान आहे, कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा आहे. पण खरी नजर जाते ती धावपट्टीच्या टोकाकडे. जमीन उतरते आणि रस्त्यापलीकडे सरळ घरंच सुरू होतात, सुमारे शंभर मीटरवर. विमान थांबलं नाही तर धावायला मोकळी जागाच नाही. मार्च २०१५ मध्ये अभिनेता हॅरिसन फोर्ड याच्या जुन्या विमानाचं इंजिन उड्डाण करताच बंद पडलं आणि तो जवळच्या गोल्फच्या मैदानात कोसळला. तो वाचला. २०१३ मध्ये धावपट्टीवरून घसरून एक जेट हँगरमध्ये घुसलं, त्यात चारजण गेले. शिवाय लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, हा मुद्दा अलीकडे पुढे आला. आवाज कानांना कळतो, शिसं कळत नाही.

२०१५ जवळ आलं तशी एक नवीन अडचण बाहेर आली, आणि मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोधक गोष्ट हीच वाटते. गावाने १९९४ मध्ये विमानतळाच्या दुरुस्तीसाठी केंद्राचं अनुदान घेतलं होतं. अनुदान घेतलं की वीस वर्षं विमानतळ चालू ठेवायचं बंधन येतं. म्हणजे २०१४. ठीक. पण २००३ मध्ये त्याच अनुदानात सुमारे अडीच लाख डॉलरची भर घातली गेली होती. सरकारचं म्हणणं, वीस वर्षं तिथून मोजा : २०२३. विमानतळाच्या हिशेबात अडीच लाख डॉलर म्हणजे काय? किरकोळ डागडुजीची रक्कम. तेवढ्यासाठी आणखी नऊ वर्षं.

वर १९४८ चा दस्त होताच. २०१३ मध्ये गावाने केंद्र सरकारवर मालकीहक्काचा दावा लावला. युक्तिवाद साधा होता : जी जमीन तुम्ही भाड्याने घेतली होती, ती तुमच्याकडे 'परत' कशी जाईल? ती तुमची कधी होती? खालच्या कोर्टाने, उशीर झाला, मुदत संपली असं सांगून दावा काढून टाकला. २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला.

दरम्यान नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांपुढे दोन प्रस्ताव आले. एक विमानवाल्यांच्या बाजूचा : विमानतळाच्या वापरात बदल करायचा तर आधी मतदान घ्या. दुसरा कौन्सिलचा, 'मेझर एलसी' : विमानतळ चालवायचा की बंद करायचा हे कौन्सिल ठरवील, पण बंद झाल्यावर तिथे उद्यान, मोकळी जागा आणि क्रीडांगणं यांखेरीज काही बांधायचं तर मतदारांची परवानगी लागेल. दुसरा मोठ्या फरकाने मंजूर झाला. लोकांना केवळ विमानांची भीती नव्हती. विमानं जाऊन टॉवर येतील, ही भीती तितकीच मोठी होती. पुनर्विकासाचा प्रस्ताव आलेल्या संस्थांना यात नवल वाटू नये.

२८ जानेवारी २०१७ रोजी तडजोड जाहीर झाली. कौन्सिलमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी. गावाने विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालवायचा. त्यानंतर बंद करायचा हक्क गावाचा, सरकारचा कोणताही दावा उरणार नाही. आणि धावपट्टी लगेच तोडून ४,९७३ फुटांवरून ३,५०० फूट करायची. बारा वर्षं आणखी थांबायचं म्हणून पुष्कळ लोक चिडले. ज्यांनी १९८४ ची एकतीस वर्षं काढली होती, त्यांचं चिडणं समजू शकतं. मला मात्र कौन्सिलच्या चार सदस्यांचं पटतं. कोर्टात जिंकू की हरू हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि हरले असते तर 'कायमस्वरूपी' हा शब्द खरोखर कायमचा झाला असता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात धावपट्टीचं काम पूर्ण झालं. दोन्ही टोकांचं डांबर उखडलं, मोठ्या जेटांना ती पट्टी पुरेना आणि त्यांची ये-जा झपाट्याने घटली. घरांपासूनचं अंतर वाढलं. न्यायालयांत चाळीसहून जास्त वर्षं जे मिळालं नाही, ते दीड हजार फूट धावपट्टी कमी केल्यावर काही आठवड्यांत मिळालं.

आता २०२८ नंतर काय, यावर गावात चर्चा चालू आहे. एक गट म्हणतो, सगळं उद्यान करा, एवढी मोकळी जागा समुद्रकाठच्या या गावाला पुन्हा मिळणार नाही. दुसरा म्हणतो, घरांची टंचाई एवढी आहे की शिक्षक आणि नर्सनासुद्धा गावात राहणं परवडत नाही, निदान काही भागावर परवडणारी घरं बांधा. वैमानिक आणि उड्डाणशाळा म्हणतात, भूकंपात रस्ते तुटले तर हीच पट्टी उपयोगी पडेल, ठेवा. चित्रकारांना आपले स्टुडिओ जातील की राहतील याची काळजी आहे. काय करायचं ते अखेर गावच ठरवणार. उद्यानापलीकडे एक वीटही रचायची असेल, तर १९२६ साली मतदारांना विचारलं होतं तसं त्यांना पुन्हा विचारावं लागेल.